शेवाळाचं टनेज आणि शेवाळाचा उतारा

गेल्या उन्हाळ्यात इंदापूर तालुक्यातले एक शेतकरी माझ्याकडे आले. हातात लिटरची बाटली होती आणि बाटलीत गर्द हिरवं पाणी. खुर्चीवर बसायच्या आत त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि विचारलं, "सर, हे आमच्या शेततळ्यातलं शेवाळ. ह्याच्यात किती टक्के तेल निघंल?"

मी त्यांना आधी बसवलं, चहा दिला आणि सगळं विचारून घेतलं. दोन एकर रान, कालव्याच्या खालच्या अंगाला. वडिलांच्या वेळी तिथं ऊस जोमात होता. आता जमीन खारावली आहे, उन्हाळ्यात वर पांढरा थर दिसतो. गावात कुणीतरी येऊन सांगून गेलं होतं की या रानात उथळ तळी करा, शेवाळाचं बियाणं आम्ही देतो, त्यात सत्तर टक्के तेल असतं, त्याचं बायोडिझेल होतं आणि तेल आम्हीच विकत घेऊ. बियाण्याचे आणि तळ्याचे पैसे मात्र आधी भरायचे. हे गृहस्थ सोसायटीतून कर्ज काढायच्या बेतात होते. माझं आयुष्य वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेलं आणि बारामती-इंदापूरच्या पाण्यातलं शेवाळ सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याचा मला जुना नाद. म्हणून कुणीतरी त्यांना माझा पत्ता दिला होता.

प्रश्न साधा होता, पण उत्तर एका आकड्यात देण्यासारखं नव्हतं. त्या दिवशी मी त्यांना जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

पहिली गोष्ट ही की शेवाळातून तेल निघतं हे खोटं नाही. उघड्या डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशीय शेवाळांना आपण सूक्ष्मशैवाल म्हणतो. ती सूर्यप्रकाश आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन वाढतात आणि अडीअडचणीसाठी पेशीत तेलाचे थेंब साठवतात. हे तेल शेंगदाण्याच्या किंवा करडईच्या तेलासारखंच असतं. त्यात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा किंवा तसलाच एखादा अल्कली घालून गरम केलं, की ग्लिसरीन खाली बसतं आणि वर बायोडिझेल उरतं. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेनं २०१२ च्या सुमारास शेवाळाचं बायोडिझेल डिझेलमध्ये मिसळून गाडी चालवूनही दाखवली. तेव्हा प्रश्न तेल निघतं का हा नाही. कुठल्या शेवाळातून निघतं, कुठल्या पाण्यात, आणि किती खर्चात, हा आहे.

ऊस लावणाऱ्या माणसाला हे समजावणं सोपं जातं. मी त्यांना विचारलं, "तुम्ही उसाची जात कशी निवडता? नुसता साखरेचा उतारा बघून?" ते म्हणाले, "नाही सर. टनेज पण बघावं लागतं. खोडवा कसा येतो, रोग किती पडतो, ते पण बघतो." मी म्हटलं, शेवाळाचं अगदी तसंच आहे. तेलाचे टक्के म्हणजे उतारा. एका चौरस मीटरमधून रोज किती ग्रॅम सुकं शेवाळ मिळतं, ते टनेज. सत्तर टक्क्यांची जाहिरात करणारा माणूस तुम्हाला उतारा सांगतो आणि टनेज सांगत नाही.

बोट्रिओकॉकस नावाचं एक शेवाळ आहे. त्याच्या सुक्या वजनात सत्तर-पंच्याहत्तर टक्क्यांपर्यंत तेलकट पदार्थ सापडल्याच्या नोंदी आहेत. पण ते इतकं सावकाश वाढतं की दुप्पट व्हायला कित्येक दिवस घेतं. त्याचं तेलही वेगळ्या प्रकारचं, पेट्रोलियमच्या जवळचं. नेहमीच्या रीतीनं त्याचं बायोडिझेल होत नाही. उलट क्लोरेला किंवा सिनेडेस्मससारखी हिरवी शेवाळं अनुकूल परिस्थितीत दिवसाभरात दुप्पट होतात, पण भरपूर खतपाण्यात वाढताना त्यांच्यात तेल पंधरा-वीस टक्क्यांच्या आसपासच असतं.

मग या भरभर वाढणाऱ्या शेवाळाचं तेल वाढवता येत नाही का? येतं. त्याचा नत्र तोडायचा. नत्र मिळेनासा झाला की पेशीला नवी प्रथिनं बनवता येत नाहीत, तिची विभागणी थांबते, आणि सूर्यप्रकाशातून मिळालेली ऊर्जा ती तेलाच्या रूपात साठवू लागते. काही जातींत तेल चाळीस-पन्नास टक्क्यांवर जातं. यात ऊसवाल्यांना नवल वाटायला नको. तोडणीच्या आधी आपण पाणी तोडतो आणि उशिरा युरिया टाकत नाही, कारण तसं केलं तर ऊस हिरवागार वाढतो पण साखर भरत नाही. फरक एवढाच की ऊस आधी बारा-चौदा महिने वाढून घेतो. शेवाळाला उपाशी ठेवलं की त्याची वाढ त्याच दिवसापासून मंदावते. उतारा वाढला आणि टनेज पडलं. म्हणून प्रयोगशाळेतल्या पन्नास टक्क्यांचा आकडा ऐकला की मी विचारतो, किती दिवस उपाशी ठेवून? आणि तेवढ्या दिवसांत वाढ किती झाली?

आता निवड प्रत्यक्षात कशी करतात ते सांगतो. पहिलं काम हिंडण्याचं. आपल्या या दोन तालुक्यांत पाण्याचे किती प्रकार आहेत बघा. नीरा डाव्या कालव्याचं वाहतं पाणी. खारवट जमिनीतून पाझरून चरांत साचलेलं पाणी. प्लॅस्टिकचा कागद घातलेली शेततळी. गुरांच्या हौदाच्या कडा. साखर कारखान्यांच्या सांडपाण्याची तळी. आणि भिगवण-पळसदेवच्या बाजूला उजनीचा फुगवटा, ज्यात पुणे-पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून येऊन मिळतं. या प्रत्येक पाण्याचा खारटपणा वेगळा, नत्र-स्फुरद वेगळं, आणि म्हणून शेवाळही वेगळं. मी बाटल्या भरताना प्रत्येकीवर ठिकाण, तारीख, वेळ आणि पाण्याचं तापमान लिहितो. हे न लिहिलेली बाटली म्हणजे नुसतं घाण पाणी.

इथं एक गैरसमज दूर करतो. उजनीच्या पाण्यावर कडेला हिरव्या रंगासारखी साय धरते, ती बघून लोक म्हणतात, इतकं फुकट शेवाळ आहे, काढा याचं तेल. पण अशी साय बहुधा मायक्रोसिस्टिससारख्या निळ्या-हिरव्या शेवाळाची असते. हा वर्ग आपला साठा तेलाऐवजी मुख्यतः ग्लायकोजेनच्या, म्हणजे पिठूळ पदार्थाच्या रूपात करतो. शिवाय मायक्रोसिस्टिसच्या काही जाती यकृताला बाधणारं विष तयार करतात. म्हणजे डोळ्यांत भरणारं शेवाळ तेलाच्या कामाचं नसतं. कामाचं असतं ते चराच्या पाण्यात फिकट हिरवं तरंगणारं किंवा हौदाच्या भिंतीला तपकिरी बुळबुळीत चिकटलेलं. त्या तपकिरी थरात डायाटम असतात, काचेच्या डबीत राहणारे. तेल साठवण्यात तेही चांगले.

बाटलीतल्या एका थेंबात दहा-बारा प्रकारची शेवाळं गर्दी करून असतात. त्यांतलं एकच वेगळं काढायचं तर थेंब पुन्हा पुन्हा पातळ करायचा आणि क्षारांचं खाद्य घातलेल्या आगरच्या थाळीवर रेघ ओढून पसरायचा. काही दिवसांनी मोहरीहून बारीक हिरवे ठिपके उमटतात. एक ठिपका उचलून पुन्हा नव्या थाळीवर. असं चार-पाच वेळा केल्यावर एका पेशीपासून वाढलेला शुद्ध वाण हाती लागतो. मग नाइल रेड नावाच्या रंगात पेशी बुडवून खास प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. तेलाचे थेंब सोनेरी-पिवळे चमकतात. ही झाली पहिली चाळणी. तिच्यातून भरपूर वाण पार होतात, आणि वर्तमानपत्रातल्या बातम्या बहुतेक वेळा इथंच संपतात.

दुसरी चाळणी तेलाच्या जातीची. तूप थंडीत थिजतं, आणि जवसाचं तेल हवेत सुकतं म्हणून ते रंगात घालतात. दोन्ही तेलंच, पण इंजिनात दोन्हींचा त्रास. तुपासारखी संपृक्त मेदाम्लं जास्त असली तर बायोडिझेल गारठ्यात घट्ट होतं. जवसासारखी असंपृक्त जास्त असली तर साठवणीत ते खराब होतं आणि चिकट होतं. युरोपीय मानकात लिनोलेनिक आम्लाला बारा टक्क्यांची मर्यादा घातली आहे, ती यासाठीच. तेव्हा मधल्या जातीचं तेल देणारा वाण हवा.

तिसरी चाळणी सगळ्यांत कडक. ती म्हणजे आपलं ऊन, आपलं पाणी आणि आपले किडे. इथं मी स्वतः एकदा तोंडावर पडलो. बाहेरून मागवलेला क्लोरेलाचा एक नामांकित वाण मी गच्चीवरच्या टबात वाढवायला घेतला. पहिले आठ दिवस पाणी असं सुरेख हिरवं झालं की मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत सुटलो. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी पाणी एकदम निवळलेलं दिसलं. थेंब बघितला तर रोटिफर नावाचे सूक्ष्म प्राणी क्लोरेलाची शेतं चरून गेले होते. आणि मागे राहिलं होतं कोण? न बोलावता वाऱ्यानं, नाहीतर माझ्याच बाटल्यांतून उडून आलेलं सिनेडेस्मस. त्याच्या चार-चार पेशी एका ओळीत जुळलेल्या असतात आणि काही जातींत टोकांना काटे. छोट्या तोंडाच्या प्राण्याला ते गिळणं अवघड जातं. माझा विकतचा वाण गेला आणि इथला टिकला.

नंतर वाचताना कळलं की माझ्या टबात जे झालं ते अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेलं होतं. तिथल्या ऊर्जा खात्यानं १९७८ ते १९९६ अशी अठरा वर्षं शेवाळापासून इंधन काढण्याचा कार्यक्रम चालवला. संशोधकांनी देशभरच्या तळ्या-खाजणांतून ३००० हून अधिक वाण गोळा केले आणि चाळून सुमारे ३०० निवडले. न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेल गावाजवळ हजार-हजार चौरस मीटरची तळी केली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात त्यांनी प्रांजळपणे लिहिलं, की प्रयोगशाळेत पहिला आलेला वाण उघड्या तळ्यात टिकेलच असं नाही. त्या परिसरातलं जे शेवाळ आपणहून तळ्याचा ताबा घेतं, त्यालाच वाढू द्यावं हे उत्तम.

आपल्याकडे ही शहाणीव उसात आधीपासून आहे. को ८६०३२ हा वाण मूळ कोइमतूरच्या संकरातला, पण तो आपल्या मातीत पारखला गेला पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रात, नीरेच्या काठी. म्हणून तर महाराष्ट्रात त्याला 'नीरा' हे नाव मिळालं. कोइमतूरचा गुण कितीही असो, पाडेगावची परीक्षा त्याला द्यावीच लागली. मग शेवाळाला तेवढी सूट का?

आणि आपली परीक्षा खरोखर अवघड आहे. मे महिन्यात उघड्या पाण्यातून दिवसाला आठ मिलिमीटर वाफ गेली असं धरा. एकरभर उथळ तळ्यातून ते रोजचं ३२,००० लिटर पाणी झालं, म्हणजे तीन टँकर. वाफ जाते, मीठ मागे राहतं. त्यात विहिरीचं खारट पाणी भर घालणार. जूनपर्यंत तळ्यातला खारटपणा किती वाढेल, आणि पहिल्या मोठ्या पावसात तो एका रात्रीत किती उतरेल? हा हेलकावा जो सोसेल तो आपला वाण. तो बाहेरून आलेल्या पाकिटात मिळण्याचा संभव कमी. खारवट रानाच्या चरात जे शेवाळ वर्षानुवर्षं हेच सोसत आलं आहे, त्यात मिळण्याचा जास्त.

चौथी चाळणी काढणीची. ह्या ठिकाणी मी त्या गृहस्थांना कागद-पेन्सिल दिली आणि म्हटलं, तुम्हीच हिशेब करा. एक एकर म्हणजे सुमारे ४००० चौरस मीटर. चांगल्या चाललेल्या उघड्या तळ्यात चौरस मीटरला रोज १५ ग्रॅम सुकं शेवाळ धरू. झालं ६० किलो. तेल वीस टक्के धरू. झालं १२ किलो, म्हणजे सुमारे १३ लिटर. वर्षाचे ३०० दिवस धरले तर जवळजवळ ४००० लिटर. कुठलंही तेलबियांचं पीक एकरी याच्या जवळ जात नाही. ते खुश झाले.

मग मी म्हटलं, आता उलटा हिशेब करा. अशा तळ्यातल्या एक लिटर पाण्यात सुकं शेवाळ असतं अर्धा ग्रॅम. मग ६० किलोसाठी किती पाणी गाळायचं? त्यांनी आकडा मांडला आणि ते थांबले. एक लाख वीस हजार लिटर. दहा हजारी बारा टँकर, रोज, तेरा लिटर तेलासाठी. दुधातून साय काढणाऱ्या यंत्रासारख्या सेंट्रिफ्यूजमधून ते काढायचं, तर हजार लिटरला एक युनिटच्या आसपास वीज लागते. म्हणजे नुसत्या काढणीलाच शे-सव्वाशे युनिट. पुढे वाळवण, तेल फोडणं, मिथेनॉल, तळं ढवळणारी चाकं. शिवाय रोज ६० किलो शेवाळाला चार किलोच्या वर नत्र लागणार, म्हणजे आठ-नऊ किलो युरिया. आणि हाती येणाऱ्या तेरा लिटर तेलाची किंमत डिझेलच्या भावानं हजार-बाराशे रुपये.

म्हणूनच वाण निवडताना तेलाइतकाच एक साधा गुण बघावा लागतो. ढवळणं थांबवल्यावर शेवाळ आपणहून तळाशी बसतं का? जे तासा-दोन तासांत बसतं, त्याचं वरचं पाणी ओतून देता येतं आणि गाळायला दहावा हिस्साच उरतो. चार टक्के तेल कमी देणारं पण तळाशी बसणारं शेवाळ मला जास्त मोलाचं वाटतं.

एवढं करूनही पैसे सुटतात का? आजतरी नुसत्या तेलावर सुटत नाहीत, हे स्पष्ट सांगायला हवं. २००९ मध्ये एक्सॉनसारख्या बलाढ्य तेल कंपनीनं शेवाळावर साठ कोटी डॉलरपर्यंत खर्चाची घोषणा केली होती. २०२३ मध्ये तिनं त्यातून अंग काढून घेतल्याची बातमी आली. आपल्याकडे मोगली एरंडाचं काय झालं ते अनेकांच्या आठवणीत असेल. २००३ पासून त्याचा केवढा गाजावाजा झाला. २००९ च्या धोरणात तर २०१७ पर्यंत वीस टक्के जैवइंधनाचं उद्दिष्ट होतं. पडीक जमिनीत, पाण्याशिवाय भरघोस बी येईल असं सांगितलं गेलं आणि ते आलं नाही. तिथंही चूक हीच झाली होती. आधी आपल्या मातीत पारखलेला वाण नव्हता आणि आधीच लागवड झाली.

मग शेवाळाचा नाद सोडून द्यायचा का? मला तसं वाटत नाही. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत आंबवताना जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि एक किलो शेवाळ वाढायला तो पावणेदोन-दोन किलो लागतो. गावाच्या सांडपाण्यात नत्र-स्फुरद आहे, जे आज उजनीत जाऊन साय धरतं. शेवाळानं ते पाणी साफ केलं तर तो फायदा आधी धरायचा, शेवाळाचं खत किंवा माशांचं खाद्य नंतर, आणि तेल सगळ्यांत शेवटी. अशा बेरजेत कदाचित हिशेब जमेल. पण हे काम कारखान्यांचं, नगरपालिकांचं, महाविद्यालयांचं आणि संशोधन संस्थांचं आहे. दोन एकरवाल्यानं कर्ज काढून करायचं नाही.

हेच मी त्या गृहस्थांना सांगितलं. म्हटलं, कर्ज काढू नका. जे पैसे आहेत त्यातून आधी बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात माती आणि पाणी तपासून घ्या. रान नुसतं खारवट आहे की चोपण, ते कळू द्या. खारवट असेल तर निचरा काढा, जमलं तर शेजाऱ्यांना बरोबर घेऊन सच्छिद्र पाइप टाका. चोपण असेल तर जिप्सम लागेल, धैंचा गाडावा लागेल. हे जुनंच औषध आहे, पण लागू पडणारं आहे. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सर, गावात अजून दहा जण पैसे भरायला निघालेत." मी म्हटलं, "मग हा हिशेबाचा कागद घेऊन जा. बारा टँकर आणि तेरा लिटर, एवढं जरी सांगितलंत तरी पुरे."

ते गेले. बाटली टेबलावरच राहिली. संध्याकाळी मी तिच्यातला एक थेंब बघितला. बारीक डायाटम होते, थोडं क्लोरेला होतं, आणि सगळीकडे चार-चारच्या ओळींत सिनेडेस्मस. बाटली न हलवता ठेवली होती. सकाळी बघतो तर वरचं पाणी निवळलेलं आणि तळाला हिरवा थर बसलेला. तेल किती आहे ते मी अजून बघितलेलं नाही. पण खारट पाण्यात टिकतं आणि तळाशी बसतं, या दोन परीक्षा ते शेवाळ पास झालं होतं, तेही एका कडक उन्हाळ्यात.

मी तिच्यावर चिठ्ठी चिकटवली. ठिकाण, तारीख, पाण्याचा खारटपणा. आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा नमुना द्या, म्हणून त्यांना फोन केला. ते म्हणाले, "देतो की सर. पण निचऱ्याचं काम चालू झालंय, चरातलं पाणी राहतंय का बघा." ते पाणी राहिलं नाही, तर मला आनंदच होईल. शेवाळ माझ्याकडे बाटलीत जिवंत आहे.